लक्ष्मीबाईंचं राहिलेलं पान

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो. जाड काचांचा, तपकिरी फ्रेमचा. आधीच सांगून ठेवतो, मला गोड बोलायची सवय नाही. ज्या नाकावर बसून दिवस काढले ते नाकच राहिलं नाही, आता कुणासाठी गोड बोलायचं? ऐकायचं तर ऐका.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही, आणि त्यात सांगण्यासारखंही काही नसावं. माझं खरं आयुष्य त्र्याण्णव साली बारामतीच्या एका नेत्रशिबिरात सुरू झालं. खोक्यात आम्ही शे-दीडशे चष्मे दाटीवाटीनं पडलो होतो. डॉक्टरांनी मला उचललं आणि पणदऱ्याच्या लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांवर चढवलं. साठीला टेकलेली बाई, खुरपून खुरपून हात राकट झालेले. तिनं आधी स्वतःचे तळहात पाहिले, आणि मग शेजारी टेकलेल्या मुलाचा, बुद्धघोषचा, चेहरा जवळ ओढून निरखला.

"तुझं केस पिकाय लागलं की रं," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं बी न्हाय."

गावात तेव्हा साक्षरतेचे वर्ग चालायचे. शेजारच्या लियाकत टेलरची मुलगी अस्मा बायकांना शिकवायची. बाकीच्या बायका चार दिवस आल्या आणि गळाल्या. ही मात्र पाटी घेऊन रोज हजर. अक्षर जुळायला लागलं तशी तिनं काही म्हणून सोडलं नाही. साबणाचा कागद वाचला, रेशन कार्ड वाचलं, भज्यांचा कागद आधी वाचायची आणि मग भजी खायची, तोवर ती गारढोण. सून ज्योत्स्ना शाळेत बाई होती. ती हसायची, "आत्या, परीक्षेला बसताय का काय?"

परीक्षा नव्हती. तिला ग्रंथ वाचायचा होता. घर बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतल्यापासून वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात ग्रंथवाचन चालायचं. जवळजवळ चाळीस वर्षं तिनं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. आता तिला स्वतःच्या तोंडानं वाचायचं होतं, आणि तेही आपल्या घरात, आपल्या माणसांत बसून.

चौऱ्याण्णवच्या वर्षावासात तिनं सुरुवात केली. दिवेलागणीला पांढरं पातळ नेसायची, मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, मग मला डोळ्यांवर चढवून ओळीखाली बोट ठेवायची. एका पानाला अर्धा तास लागायचा. जोडाक्षर आलं की थांबायची, त्याच्याशी झगडायची, ते सुटलं की गालातल्या गालात हसायची. पण ऐकायला कोण? बुद्धघोषचं लक्ष टीव्हीवरच्या क्रिकेटमध्ये, ज्योत्स्नाच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा, नात मोनालीला क्लास. वाईट माणसं नव्हती हो ती. तिला औषध वेळेवर, जेवण गरम. फक्त बसायला कुणाला सवड नव्हती. तीन वर्षावास ती भिंतीला वाचून दाखवत होती आणि मला त्या टीव्हीचा भयंकर राग यायचा.

शहाण्णव सालच्या आश्विनात एकच पान उरलं. तेवढं तिनं मुद्दाम पौर्णिमेसाठी राखलं. "ह्ये पान समद्यांनी बसून ऐकायचं," ती म्हणाली. "खीर करती. टीव्ही बंद. मंजूर हाय का?" सगळे हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं?

पौर्णिमेला चार दिवस असताना माझ्या काडीचा स्क्रू पडला. मोहरीच्या दाण्याएवढा तो, शोधून सापडला नाही. लक्ष्मीबाईंनी काही गाजावाजा केला नाही. लियाकतकडून काळा दोरा आणला, काडी बांधली आणि मला चढवून पाहिलं. थोडा कलायचो, पण अक्षर स्वच्छ दिसत होतं. एवढं ध्यानात ठेवा, मित्रांनो. दोऱ्यानं बांधलेल्या माझ्यानं ते पान वाचून झालं असतं.

पण बुद्धघोषनं ते पाहिलं. तो बारामतीत एका ऑफिसात कारकून होता, चार लोकांत ऊठबस असलेला. त्याला कमीपणा वाटला.

"आये, दोरा बांधून काय फिरतीस? पौर्णिमेला लोकं येत्यात घरी. दे हिकडं, दुकानात टाकतो. उद्या मिळंल."

त्यानं दातानं दोरा तोडला आणि मला स्कूटरच्या डिकीत ठेवलं. तिथं पाना होता, तेलकट फडकं होतं आणि जुन्या पावत्या होत्या. त्यांच्याखाली मी गेलो तो गेलोच.

चष्म्याचं दुकान त्याच्या ऑफिसच्या वाटेवरच होतं. रोज दोनदा स्कूटर तिथून जायची. संध्याकाळी ती दारात थांबली की मला डिकीतून तिचा आवाज ऐकू यायचा.

"आणला का रं?"

"उद्या, आये."

पौर्णिमा झाली. खीर झाली, सगळ्यांनी खाल्ली. पान राहिलं. "दिवाळीला वाचू की," बुद्धघोष म्हणाला. दिवाळीही गेली. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागवायची नाही. अस्माकडून मला पुढं कळलं की तिनं लियाकतचा चष्मा लावून पाहिला होता, पण त्यातून अक्षरं पोहायला लागली. अस्मा म्हणाली, "मी वाचून दाखवते ना आज्जी." तर म्हणाली, "तू वाचशील गं. पर माझ्या लेकानं माझ्या तोंडून ऐकायचंय."

मार्गशीर्षात एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता लक्ष्मीबाई गेली.

इंदापूरला नातेवाइकांना कळवायला बुद्धघोष निघाला. सीट पुसायला फडकं हवं म्हणून त्यानं डिकी उघडली, फडकं ओढलं, आणि त्याबरोबर मी वर आलो. त्यानं मला हातात घेतलं. सदऱ्याच्या खिशात घातलं. मग वाटेत बारामतीत त्या दुकानापुढं उतरला. दुकानदारानं मला उलटंपालटं केलं. "एवढंच होय? थांबा दोन मिनिटं," म्हणाला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी तिला नेण्याआधी त्यानं मला तिच्या डोळ्यांवर ठेवलं. मिटलेल्या डोळ्यांवर. शेवटी ज्योत्स्नानं मला काढून घेतलं, आठवण म्हणून. खरं सांगू? मला तिच्याबरोबर जायचं होतं.

पुढं पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिच्या नावानं घरी वंदना घ्यायचा दिवस आला. राहिलेलं पान त्या दिवशी वाचायचं ठरलं. सतरंजी अंथरली, टीव्ही बंद केला. ज्योत्स्नानं वह्या बाजूला ठेवल्या, मोनालीनं क्लास बुडवला, शेजारून अस्मा आली, सगळे मांडी घालून बसले. लक्ष्मीबाई जसं म्हणत होती अगदी तसंच. बुद्धघोषनं मला चढवून पाहिलं, त्याला काही दिसेना. मग मला काढून ठेवून तो वाचायला लागला. शिकलेला माणूस तो, भराभरा वाचलं. पान लगेच संपलं.

संपल्यावर कुणी उठेना. मग बुद्धघोष अस्माला म्हणाला, "आयेला किती वेळ लागला असता गं?"

"अर्धा तास, काका," अस्मा म्हणाली.

मित्रांनो, आता माझी फार काळजी घेतात. मखमलीची डबी आणली आहे, दर रविवारी काचा पुसतात, तसबिरीपुढं मला फुलाशेजारी ठेवतात. येणारे-जाणारे बुद्धघोषला म्हणतात, आईवर किती माया. मला त्या डबीत गुदमरायला होतं. चष्मे जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही, चष्मे काय, बाजारात ढिगानं मिळतात. तुमच्या घरात कुणी "जरा बस की" म्हणत असेल, तर माझं ऐकणं इथंच थांबवा आणि आत जाऊन बसा. ते गेल्यावर त्यांचा अर्धा तास तुम्हाला वाचून भरून काढता येणार नाही.