परवानगीचं पाणी

तीन वेळा पाणी भरलं, तिन्ही वेळा नाला नितळ! याला योगायोग म्हणायला प्रीती काही दुधखुळी नव्हती. मानपाड्याचा हा नाला तिच्या आईच्या, शकूबाईंच्या दारापुढून वाहतो. एरवी काठच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने रोज नवा रंग, वर उग्र वाफ. त्या वाफेने आईचे डोळे चुरचुरून लाल. आणि लेक बाटली घेऊन आली, की नाला शहाण्या मुलासारखा वागणार!

महापालिकेचं नवं संशोधन धोरण आलं, विद्यापीठाच्या ठाण्यातल्या उपकेंद्राला निधी मिळाला, म्हणून तर प्रीतीची पीएचडी सुरू झाली. अट एकच. पाणी परवानगी काढून, ठरल्या तारखेलाच भरायचं. आता शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. 'नाला स्वच्छ' असं लिहून तिनेच सही केली, तर आईने तक्रार करायची कुठल्या तोंडाने?

तारखा कोणीतरी फोडत होतं. तिचा संशय सोबत संशोधन करणाऱ्या सम्यकवर. प्रयोगशाळेत तारखा दोघांनाच ठाऊक, आणि त्याचा मामा नाल्याकाठच्याच एका कारखान्यात.

"तूच सांगतोस ना रे मामाला?" तिने तोंडावरच विचारलं.

सम्यकचा चेहरा पडला. "मामाशी दिवाळीला बोललेलो, त्यानंतर नाही. परवानगीचं पत्र पूर्ण वाचलंयस कधी?"

तिने पत्र काढलं. महापालिकेच्या साहेबांच्या सहीच्याही खाली, बारीक अक्षरात: 'प्रत माहितीसाठी: कारखानदार संघटना, धोरणातील भागीदार.' म्हणजे चोरून काहीच नव्हतं! शिक्का मारून, जावक क्रमांक टाकून, आठवडाभर आधी तारीख कळवत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. प्रीतीला सम्यकपुढे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी रे," ती म्हणाली, आणि रागारागाने नवा अर्ज लिहायला बसली. मुदत वाढवावी, आणखी पाणी तपासायचं आहे. तारखा, एक ते एकतीस.

"अगं, रोज?" आवक-जावकच्या आवडाबाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"किती वेळा, ते धोरणात कुठे लिहिलंय?"

नव्हतंच लिहिलेलं. साहेबांनी न वाचता सही ठोकली, प्रत गेली.

महिनाभर नाला नितळ. आईचा फोन आला, "अगं, डोळे चुरचुरायचे थांबले. नाल्यात टाकलंस तरी काय?"

"पण तुझी पीएचडी बुडाली ना," सम्यक म्हणाला. "घाण पाणीच नाही, तर शोधणार काय?"

"बुडू दे."

प्रीतीने अहवाल पुन्हा पुढे ढकलला आणि पुढच्या महिन्याच्या तारखा भरल्या. एकही दिवस सोडला नाही.