माग्या म्हणतो, माहीत नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे आणि जन्मभर उलटाच चालत आलो आहे. एका दुपारची आठवण निघाली की आजही मला जागेवर बसवत नाही. तीच सांगतो.

संगणकाच्या अगदी गाभ्यात माझे घर आहे. तिथे एक काम दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला, आणि परत कुठे यायचे याची चिठ्ठी मागे ठेवली जाते. चिठ्ठ्यांची ही चळत वरून खाली वाचायची आणि कोण कुठून कुठे आले ते सांगायचे, हा माझा उद्योग. म्हणून माझे नाव पडले माग्या. मला दाढीवाल्या काकांनी घडवले.

संगणक कोसळला की सगळे माझ्याकडे धाव घेत. माग नीट लागला नाही तर मी अंदाजाने काहीतरी ठोकून देई. "थोडं इकडेतिकडे होणारच," काका म्हणत. संगणक तर आधीच पडलेला असे, त्यामुळे माझी चूक कुणाला भोवत नसे. मीही भाव खाऊन घेई.

मग एका इस्पितळातून काकांना फोन आला. नवजात बाळांच्या पेट्यांची ऊब सांभाळणाऱ्या तिथल्या संगणकात, गाभ्यातल्या एका कामात, खोट सापडली होती. "दुरुस्त करा, पण बंद करायचं नावही काढू नका," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्या पेट्या भरल्यात."

म्हणजे चालत्या संगणकात जुने काम काढून नवे बसवायचे! फक्त त्या क्षणी जुन्या कामाच्या आत कुणी अडकलेले असता कामा नये, नाहीतर सगळाच डोलारा कोसळेल. आत कुणी आहे का, हे सांगणार कोण? मीच.

"माग्याच्या भरवशावर?" काका त्यांच्यासोबत काम करणाऱ्या चष्मेवाल्या ताईला म्हणाले. "अगं, मीच बनवलाय त्याला. थापाड्या आहे तो."

ताईने सरावाच्या संगणकावर करून पाहिले. मी छातीठोकपणे सांगितले, आत कुणी नाही. अदलाबदल झाली आणि संगणक आडवा! ताई हात धुऊन माझ्या मागे लागली, तेव्हा कारण सापडले. प्रत्येक काम आत शिरताच आपली खूण ठेवते आणि मी खुणेवरून खुणेवर उड्या मारत मागे जातो. पण एक काम खूण ठेवणार, तेवढ्यात तातडीची घंटी वाजली आणि सगळे तिथेच थबकले. खूण नाही म्हणून त्याला बोलावणाऱ्या कामाला मी ओलांडूनच गेलो, आणि आम्ही बदलत होतो ते नेमके हे बोलावणारे कामच होते.

ताईने मला नकाशा दिला. कुठल्या पावलावर परतीची चिठ्ठी कुठे असते, ते त्यात होते. शिवाय एक नवा शब्द शिकवला: माहीत नाही.

"असं म्हणणारा काय कामाचा?" काकांनी विचारले.

"असं म्हणाला तर थांबता येतं, काका. थाप मारली तर नाही."

ती दुपार आली. सिस्टर फोनवर होत्या. मी एकेकाचा माग काढत सुटलो, मोकळे, मोकळे, आणि एका कामापाशी अडलो. ते होते ती जागा नकाशात नव्हती! पूर्वीचा मी बेधडक मोकळे म्हणालो असतो. मी म्हणालो, माहीत नाही.

ताईने हात मागे घेतला. पुन्हा विचारले. माहीत नाही. काका दाढी ओढू लागले, पण मला कुणी दामटले नाही. पुन्हा विचारले तेव्हा ते काम नकाशातल्या वाटेवर परतले होते, आणि मला शेवटपर्यंत लख्ख दिसले: ते जुन्या कामाच्या आतूनच बाहेर आले होते! आता मात्र सगळे मोकळे होते. मी ओरडूनच सांगितले असते, पण मला तोंड कुठे आहे?

"कधी करणार आहात?" सिस्टरांनी विचारले.

"झालं," ताई म्हणाली.

"झालं? इथे तर एकही बाळ हललं नाही."

काकांनी डोळे पुसले आणि स्वतःला चष्मा नसताना ताईचा चष्मा पुसायला मागितला.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाभ्यातल्या वाटा बदलाल. तेव्हा माझा नकाशाही बदला, एवढेच मागणे आहे. आणि मी माहीत नाही म्हणालो, तर रागावू नका. थोडे थांबा आणि मला पुन्हा विचारा.