सदलग्याच्या सुरगीत एक परदेशी शब्द

मी एक शब्द बोलतो आहे. माझे नाव 'गर्ड'. जन्माने इंग्रज, वयाने हजार वर्षांहून मोठा. वेढणे, भोवताली बांधणे हा माझा मूळ धर्म. माझ्या तारुण्यात योद्धे कंबरेला तलवारीचा पट्टा आवळत, ते माझाच उच्चार करून. कमरपट्ट्याचा 'गर्डल' आणि खोगिराच्या पट्ट्याचा 'गर्थ' हे माझ्याच कुळातले. पुलाखालचा लोखंडी गर्डर तर आपण रोज पाहता. तोही माझाच वंशज. मुलाने नाव काढले, बापाला मात्र कोणी ओळखीना.

हल्ली माझा मुक्काम कर्नाटकाच्या सीमेवरच्या सदलग्याला, बाबगोंडा पाटील यांच्या जाडजूड शब्दकोशात. बाबगोंडा, म्हणजे घरचे आप्पा, चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी त्यांनी या कोशातूनच मिळविले. पहाटे धारा काढून झाल्या की भिंग घेऊन एक पान वाचायचे, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. इतर लोक अर्थ पाहून पान उलटतात. आप्पा मात्र अर्थाखालच्या बारीक टाइपातली व्युत्पत्तीही सोडीत नाहीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणतात, "सोयरीक जुळवायची असल्यागत त्येंचं कूळ बघत बसलाईसा."

गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात प्रणिता हिला बेळगावच्या एका शाळेतून बोलावणे आले. दुपारी दोनला सातवीच्या वर्गावर एका इंग्रजी शब्दाचा पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा आणि त्यावरच नोकरी ठरायची. दोन ठिकाणी तिला आधीच नकार मिळाला होता. पाठासाठीचा शब्द आदल्या संध्याकाळी मोबाइलवर आला. तो मी होतो.

"असला म्हातारा शब्द कोण वापरतंय, आप्पा? पोरं झोपतील," ती म्हणाली.

मला वाईट वाटले; पण ती खोटे बोलत नव्हती.

"अर्थ सांगू नको. दाखव," आप्पा म्हणाले.

"काय दाखवू? तलवार?"

"सुरगी दाखव की," चुलीपाशी बसलेल्या लक्ष्मीबाई म्हणाल्या.

आमच्या या सीमाभागात लग्नाआधी सुरगी होते. चार कोपऱ्यांत चार तांबे ठेवून त्यांच्याभोवती सुताचे पाच वेढे घालतात, आत वधूवरांना बसवितात आणि सवाष्णी त्यांना न्हाऊ घालतात. हजार वर्षांत माझा अर्थ इतका नेमका कोणी मांडला नव्हता.

सकाळी आठला अंगणात तालीम झाली. पाटावर वधूवरांच्या जागी आप्पा आणि लक्ष्मीबाई बसले. प्रणिताने पाच वेढे घातले, माझे नाव घेतले, वाक्ये म्हटली. पाठ झकास वठला. नऊच्या बसला अर्धा तास होता.

"उठा आता. मी निघते."

लक्ष्मीबाई जागच्या हलल्या नाहीत. "सूत फिरलंय. पाणी पडल्याबिगार उठायचं नसतंय."

"आज्जी, ही तालीम हाय."

"सुताला काय ठावं तालीम का लगीन? नोकरीच्या कामाला निघालीस, आन अर्धी सुरगी टाकून जातीस व्हय?"

प्रणिताने आशेने आजोबांकडे पाहिले. विचारी माणूस, पण तेही पाटावरच बसून राहिले.

"आप्पा, तुमी तरी उठा की."

"मी उठीन गं. पण हिला एकटीला सुरगीत सोडून उठलेला नवरा सदलग्यात अजून झाला न्हाय."

शेवटी शेजारच्या अक्काताईंना हाक गेली. त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. हळद आली, पाणी तापले. "पन्नास वर्षांनी परत लगीन? हुंडा काय ठरलाय आप्पा?" अक्काताईंनी विचारले आणि पहिला तांब्या थेट आप्पांच्या डोक्यावर रिकामा केला. प्रणिताही भिजली. बस तर गेलीच. मग चुलतभाऊ गोमटेशने तिला दुचाकीवरून चिकोडीला पोचविले, तेव्हा कुठे पुढची बस मिळाली.

शब्दाला एक सोय असते: जिथे त्याचा उच्चार होतो, तिथे तो हजर असतो. दोन वाजता मी बेळगावात त्या वर्गात होतो. प्रणिताच्या बाहीवर हळदीचा डाग होता. एका मुलीने त्याविषयी विचारले. पाठ केलेली वाक्ये बाजूला ठेवून प्रणिताने सकाळची सगळी हकिगत इंग्रजीतून सांगितली. वर्ग हसून लोळला. मग तिने मुलांकडून चार बाकांभोवती सूत फिरवून घेतले आणि प्रत्येक वेढ्याला तीस मुले माझे नाव घेत होती.

मागे बसलेल्या मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत. "व्युत्पत्ती सांगाल?" त्यांनी विचारले.

हातातोंडाशी आलेली नोकरी निसटताना मला दिसली. मग प्रणिता म्हणाली, "मला माहीत नाही, मॅडम. पण माहीत असलेले एक गृहस्थ आहेत. विचारू का?"

मॅडमनी मान हलविली. मोबाइल टेबलावर ठेवला गेला आणि कधी इंग्रजी शाळेची पायरी न चढलेला माणूस सातवीच्या वर्गात बोलू लागला.

"बाळांनो, ह्या शब्दाचं मूळ लई जुनं. त्याचा अर्थ वेढणं, कुंपण घालणं. त्याच मुळातनं इंग्रजीत अंगणाचा 'यार्ड' आला, बागेचा 'गार्डन' आला. आन विद्वान असं मानतात की आपलं संस्कृत 'गृह'बी तिथलंच. त्या 'गृहा'चंच मराठीत 'घर' झालं."

तेवढ्यात फोनमधून लांबून लक्ष्मीबाईंचा आवाज आला, "म्हंजे ह्यो पाव्हणा न्हाय म्हणा की. भावकीतलाच हाय."

आता मात्र मुख्याध्यापिका खळखळून हसल्या. आपल्याला माहीत नाही, हे मुलांसमोर सांगणारी शिक्षिकाच त्या शोधीत होत्या, असे त्यांनी सांगितले आणि प्रणिताला जूनपासून यायला सांगितले.

वाचकहो, माझी तक्रार उरलेली नाही. मला रोज वापरा, असा हट्टही नाही. एवढीच विनंती की, कोशात एखादा अनोळखी शब्द भेटला तर अर्थावर थांबू नका. खालचा बारीक टाइपही वाचा. मला त्या दुपारी हजार वर्षांनी भावकी सापडली. सदलग्यात आता लक्ष्मीबाई म्हशींच्या गोठ्याला कुंपण घालतानाही माझे नाव घेतात, आणि उच्चार चुकला तरी मी ओ देतो.