आप्पांच्या घराला भाडेकरू

दर रविवारी सिद्धेश्वरी शेळगीहून निघून शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजापूर रोडवरच्या वडिलांच्या, आप्पांच्या घरी जायची. आप्पा गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. रिकाम्या घराला राहत्या घरापेक्षा जास्त काम असतं, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. धूळ झाडायची, नळाला पाणी असेल तर हौद भरायचा, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप उपटायचं. सोमवारी पुन्हा शाळेत मुलांपुढे उभं राहायचं.

घर दोघांच्या नावावर होतं, तिच्या आणि धाकट्या भावाच्या, मल्लिनाथच्या. मल्लिनाथ पुण्यात राहून फोनवरून घर सांभाळायचा.

विकू या म्हटलं, की तो म्हणायचा, "आत्ता नको अक्का. रस्ता मोठा होणार म्हणतात, थांबू या की." भाड्यानं देऊ या म्हटलं, तर, "भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही." मग करायचं काय, असं विचारलं की, "बघू." त्या 'बघू'नं तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

तरी तिनं माणसं आणली. अकलूजचे एक मास्तर आले. त्यांना मुलं फार, भिंती खराब होतील, हे मल्लिनाथचं म्हणणं. बार्शीचा एक दुकानदार आला. तो घराचं गोदाम करील. मग रुपाली आली. दवाखान्यात नर्स होती, सोबत म्हातारी आई. आईनं स्वयंपाकघरात उभं राहून ओट्यावरून हात फिरवला आणि "उजेड चांगलाय," म्हणाली. सिद्धेश्वरीनं मनातल्या मनात घर देऊनही टाकलं.

मल्लिनाथनं फोनवर पहिलं आडनाव विचारलं. मग खाणं काय, ते विचारलं.

"मटण करतात कधीमधी. तिनंच सांगितलं."

"मग नको. आप्पांची लिंगपूजा व्हायची त्या घरात."

"आप्पांचं शेवटी दवाखान्यात रोज अंग पुसणाऱ्या नर्सचं आडनाव विचारलं होतंस का तू?"

"तो विषय वेगळा अक्का."

शेवटी रुपालीला नाही म्हणायचं काम तिच्यावरच आलं. भाऊच राहायला येणार आहे, असं ती खोटंच बोलली. "असू दे की ताई," एवढंच म्हणून रुपालीनं फोन ठेवला.

त्यानंतर महिन्याभरात शेजारच्या गौरम्मांचा फोन आला. "सिद्धव्वा, लगेच ये. मागचं दार उघडं दिसतंय."

चोरांनी पाण्याची मोटर नेली होती, पितळी नळ नेले होते, वायरीसुद्धा भिंतीतून ओढून काढल्या होत्या. पोलीस चौकीत अर्धा दिवस बसून आल्यावर तिनं मल्लिनाथला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "तू तिथंच असून तुझं लक्ष नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी तिनं घराच्या किल्ल्या कुरियरनं पुण्याला पाठवून दिल्या.

शनिवारी मल्लिनाथ तणतणत आला आणि थेट विजापूर रोडला गेला. तिथं ना दिवा, ना पाणी. प्लंबर 'येतो, येतो' म्हणत आलाच नाही. डासांत एक रात्र काढून सकाळी तो बहिणीच्या दारात उभा राहिला. अंघोळ झालेली नव्हती.

"विकून टाकू या अक्का."

"गिऱ्हाइकांना घर कोण दाखवणार?"

"तू इथं असतेस, म्हणून..."

"मी नाही दाखवणार. मला भाड्यानं द्यायचंय. कुणाला द्यायचं ते मी ठरवणार, आणि तू कुणाला आडनाव विचारणार नाहीस. पटत नसेल तर सुट्टी काढ, इथं राहा आणि वीक."

त्यानं खिशातून किल्ल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. मग म्हणाला, "त्या नर्सलाच दे मग."

तिनं त्याच्यासमोरच फोन लावला. रुपालीनं दुसरीकडे जागा घेतली होती. तिसऱ्या मजल्यावर. आईला जिने चढवत नाहीत, पण आता अकरा महिन्यांचा करार झाला होता.

श्रावणात मैंदर्गीचं एक जोडपं राहायला आलं. सिद्धेश्वरीनं कुणालाही न विचारता किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. नळ, मोटर, वायरिंग सगळं नव्यानं करून घेतलं होतं, तेही तिनंच. रुपालीची आई जिन्यात थांबून दम घेत असेल, हे मात्र अधूनमधून तिच्या मनात यायचंच.

पहिल्याच रविवारी मल्लिनाथचा फोन आला. "अक्का, भिंतीत खिळे तर ठोकले नाहीत ना त्यांनी? जरा जाऊन बघून ये की."

"तू ये आणि बघ," म्हणून तिनं फोन ठेवला.