रांगेकडे वळवलेला कीबोर्ड

मित्रांनो, माझ्यावरची बरीच अक्षरं पुसली गेली आहेत. पण ज्या बोटांनी ती पुसली, ती मला आठवतात. मी एक जुना कीबोर्ड आहे. दक्षिण इजिप्तमध्ये, नाईलच्या काठच्या एका रक्ततपासणी केंद्रात माझं आयुष्य गेलं.

आमच्या डॉक्टरबाईंनी कित्येक वर्षं सूक्ष्मदर्शकातून रक्तपेशी पाहिल्या. त्यांचं निदान सहसा चुकत नसे. पण एका सकाळी दोन हसन अली आले. अहवाल बरोबर निघाले, फक्त एकाचा दुसऱ्याच्या हाती गेला. आजारी हसन निश्चिंत मनाने उसाच्या शेतावर परतला. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. बाई त्याच्या घरी सांत्वनाला जाऊन आल्या आणि त्यांनी संगणक मागवला. त्याच्यासोबत मीही आलो.

प्रत्येकाच्या नावापुढे आईचं नाव नोंदवायचं, असं बाईंनी ठरवलं. व्यवस्थापक घाबरले. आमच्याकडचे पुरुष चारचौघांत आईचं नाव घेत नाहीत. आठवडाभरात कुरबुर थांबली नाही तर तो रकाना काढून टाकू, असं त्यांनी बजावलं.

"माणसांची नावं एकसारखी असतात," बाई म्हणाल्या. "आया नसतात."

पहिल्याच दिवशी एका हाजींनी नावनोंदणीच्या खिडकीवरच्या रगबला विचारलं, "अरे, तू माझं रक्त तपासतोयस की खानदान?" रांग खदखदून हसली. रगब माझ्याकडेच बघत बसला.

मग बाई आतून आल्या. त्यांनी मला उचललं आणि रांगेकडे वळवून ठेवलं.

"सांगू नका, हाजी. नुसतं लिहा. इथे कुणी मोठ्याने वाचणार नाही."

हाजींनी एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत लिहिलं. त्यानंतर सगळेच लिहू लागले. ज्यांना लिहिता येत नसे ते बायकोला पुढे करत. सासूचं नाव घ्यायला तिची काहीच हरकत नसे. रकाना राहिला. पुढे कितीतरी हसन अली आले, पण पुन्हा कुणाचा अहवाल दुसऱ्याच्या हाती गेला नाही. संध्याकाळी बाई कापसाच्या बोळ्याने माझी एकेक कळ पुसत. माझ्यावर उमटलेलं एकही नाव मी कधी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. नवे, सडपातळ कीबोर्ड आले. मला अडगळीत टाकायचं ठरलं, पण रगबने ऐकलं नाही. आता त्याचेही केस पिकलेत.

परवा बाईंची मुलगी नाहिद रक्त तपासायला आली. रगबने सवयीने मला तिच्याकडे वळवलं, आणि मग त्याची मान खाली गेली. नाहिदने कळेवर बोट ठेवलं. मग तिने मला हळूच परत त्याच्याकडे वळवलं.

"लिहा, रगबकाका," ती रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आईचं नाव साफीनाझ."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने बाईंसाठी दुवा मागितली. रगबने लिहिलं.

मित्रांनो, आईचं नाव कुणी विचारलं तर नीट लिहा, घाईत लिहू नका. आणि मला इतक्यात टाकून देऊ नका. त्या नावातली अक्षरं माझ्यावर आता दिसत नाहीत, पण दाबली की उमटतात.