लेस्लीचा अर्धा चेहरा

मित्रांनो, पाचूबंदरच्या रस्त्यावर ऑस्करचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या कपाटात ठेवलेली काळी, जुनी हार्ड डिस्क म्हणजे मी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ऑस्करने मला आणलं तेव्हा मी अगदी कोरी होते. मग लग्नं, बाप्तिस्मे, नव्या होड्या माझ्यात साठत गेल्या. "सगळी वसई हिच्या पोटात आहे," असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. पुढे नवी साधनं आली आणि मी कपाटात गेले. माझ्यावरची धूळसुद्धा कोणी पुसली नाही.

एका सकाळी मासळीचा लिलाव आटोपून क्लेमेंटीनमावशी आल्या. त्यांचा थोरला मुलगा लेस्ली मागच्या वर्षी होडी घेऊन समुद्रात गेला, तो परतलाच नाही. त्याच्या पुण्यतिथीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, जवळ आली होती. धाकटा शेल्डन परदेशी जहाजावर नोकरीला, त्याला येणं जमणार नव्हतं.

"ऑस्कर, माज्या पोरीच्या लग्नातले फोटो हायत ना तुज्याकडं?" मावशींनी विचारलं. "शेल्डनला बघू दे. लेस्लीचा मोबाईल तर त्याच्यासंगंच पान्यात गेला."

ऑस्करने मला बाहेर काढून स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला जोडलं. फोटो सगळे सुखरूप होते. ऑस्करची मुलगी अँजेलिना त्यांची ऑनलाइन गॅलरी बनवणार होती. जहाजावर नेट फार मंद, म्हणून आधी फोटो लहान करायला हवे होते. ऑस्करने पहिला घेतला, त्यात लेस्ली आईचे हात धरून नाचत होता. फोटो लहान करून ऑस्करने सवयीने मूळ फोटोवरच सेव्ह केला. उघडून बघतो तर लेस्लीच्या डोळ्यांखाली सगळं राखाडी!

"डिस्क खराब झाली," तो हताश होऊन म्हणाला. "आता ही टाकूनच द्यायची."

मावशी पुढे होऊन पडद्यावर लेस्लीचा चेहरा शोधू लागल्या. मला फार लागलं, पण माझी बाजू मी कशी सांगणार?

"डॅडी, थांब. आणखी कशालाच हात लावू नको," अँजेलिना म्हणाली. तिने दुसऱ्या एका फोटोच्या प्रती काढल्या आणि एकेक लहान करून पाहिली. राखाडी पट्टा कधी वर येई, कधी खाली.

"बघ, मूळ फोटो बिघडला असता तर डाग एकाच जागी दिसला असता. हा तर जागा बदलतोय. डिस्क बरी आहे, आपल्या कॉम्प्युटरची रॅम, म्हणजे काम चालू असताना फोटो धरून ठेवणारी मेमरी, गेलीय."

तिने मला स्वतःच्या लॅपटॉपला जोडलं. तिथे मात्र एकेक चेहरा स्वच्छ आला. मावशी डोळे पुसत पाहत राहिल्या.

"आनि तो नाचाचा?"

"तो आता परत नाही येणार, मावशी. मूळ फोटोवरच सेव्ह झाला."

ऑस्करने मान खाली घातली. मावशी पडद्यावरच्या राखाडी भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं हसत होता तो. माज्या ध्यानात हाय."

मिस्सेच्या दिवशी शेल्डनने जहाजावरून गॅलरी पाहिली. मग आईला फोन करून तो एकेका फोटोची आठवण काढत राहिला.

मित्रांनो, मीही आता थकले आहे, फिरताना घरघर करते. माझ्यातलं सगळं अँजेलिनाने दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलं, म्हणून मी निश्चिंत आहे. तुम्हीही फोटो लहान कराल तेव्हा प्रतीवरच काम करा, मूळ फोटो जपा आणि तो दोन ठिकाणी ठेवा. यंत्रं काय, नवी मिळतात. पण फोटो पुन्हा काढायचा म्हटलं, तर समोर उभं राहायला तो माणूस हवा ना!