वगळलेल्या सात ओळी

नाशकात गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. माझा स्वभाव तिखट आहे असं विद्यार्थी म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. त्या सोमवारी स्टाफरूमच्या दारात एक अनोळखी बाई येऊन 'साधना मॅडम तुम्हीच का' असं विचारायला लागली, तेव्हा मी पेपर तपासत होते. मान वर न करता मी नुसतं 'काय काम आहे' म्हटलं. कुणा विद्यार्थ्याची आई असेल, मार्कांसाठी आली असेल, असं मला वाटलं.

ती मार्कांसाठी आली नव्हती. तिचं नाव छाया. मूळची येवल्याकडची, पण बारा वर्षं सुरगाण्याच्या पुढे डोंगरात एका आरोग्य उपकेंद्रावर नर्स होती. पहिली एसटी धरून नाशकाला आली होती आणि सीबीएस बसस्थानकापासून विचारत विचारत कॉलेजपर्यंत पोचली होती. पिशवीतून तिनं एक जाडजूड छापील अहवाल काढला, शेवटचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुमचंच नाव हाय ना? मग आमाला गाडी का नाय दिली, तेवढं सांगा."

गाडी म्हणजे रुग्णवाहिका. एक संस्था त्या भागातल्या चौदा उपकेंद्रांपैकी पाच केंद्रांना गाड्या देणार होती. जिथे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावणारी बाळं सर्वांत जास्त, त्या पाच केंद्रांना. छायाच्या केंद्राचा नंबर अकरावा लागला होता. तिच्या पाड्यांवरून रुग्णालय सव्वादोन तासांवर, आणि अडलेल्या बाईला न्यायचं तर कुणाची तरी जीप रिकामी होईपर्यंत थांबायचं. तिला वाटलं होतं, यंदा गाडी येणारच. घरोघरी तसं सांगूनही ठेवलं होतं.

मी तिला समजावलं, म्हणजे खरं तर झटकलं. आर ही आकडेमोडीची प्रणाली फुकट मिळते. जगभरातले लोक तिच्यासाठी आपापली पॅकेजेस, म्हणजे तयार हिशेबाचे छोटे प्रोग्रॅम, लिहितात आणि सगळ्यांना खुली ठेवतात, वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांसाठी असंच एक पॅकेज लिहिलं होतं, 'तुलना' नावाचं. संस्थेनं ते वापरलं आणि रीतीप्रमाणे शेवटच्या पानावर माझं नाव छापलं, एवढाच माझा संबंध. अहवाल मी लिहिला नव्हता, पाहिलाही नव्हता. शिवाय पॅकेजच्या परवान्यात स्वच्छ लिहिलेलं आहे की कसलीही हमी नाही. हे शेवटचं वाक्य मी तिला खरोखर म्हणाले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून केंद्राचं रजिस्टर काढून माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. वर्षभरात नऊ बाळं गेली, असं ती म्हणाली. अहवालात तिच्या केंद्रासमोर दोन छापलं होतं.

मला आधी वाटलं, डेटा भरणाऱ्यानं घोळ घातला. आपल्याकडे तो नेहमीच घालतो, त्यामुळे असं वाटणं फार सोयीचं असतं. पण अहवालात जन्मही एकोणनव्वद होते आणि रजिस्टरात शहाण्णव. सात जन्म गायब आणि सातच मृत्यू गायब. पेन खाली ठेवून मी तिला बसायला खुर्ची दिली. तोवर ती उभीच होती.

ज्यानं ते काम केलं होतं तो सुयश माझाच विद्यार्थी. हुशार, नम्र, मुंबई नाक्याजवळ संस्थेच्या ऑफिसात नोकरीला. मी फोन केला तर त्याला आनंदच झाला. 'मॅडम, तुमचंच पॅकेज वापरलंय' असं अभिमानानं सांगून त्यानं आयांची नावं गाळलेली फाईल लगेच पाठवली. छायाच्या देखत मी ती उघडली. शहाण्णवच्या शहाण्णव ओळी जागेवर होत्या. डेटा भरणाऱ्यानं काहीही घोळ घातला नव्हता. मग मी माझं पॅकेज चालवलं, आणि पडद्यावर एकोणनव्वद जन्म, दोन मृत्यू.

सात ओळींमध्ये वजनाचा रकाना रिकामा होता.

एखाद्या केंद्रात मुळातच अशक्त बाळं जास्त जन्मत असतील, तर नुसते मृत्यू मोजून तुलना करणं बरोबर नाही. म्हणून माझं पॅकेज प्रत्येक बाळाचं जन्मवजन धरून हिशेब करतं. वजन नसेल तर हिशेब होत नाही आणि ती ओळ वगळली जाते. बाळ जन्मलंही नाही आणि मेलंही नाही. मी छायाला विचारलं, आणि माझा आवाज चढलेला होता हे कबूल करते, की बाई, वजन का नाही लिहिलंत?

"चार घरीच झाली, मी पोचले तवा संपलेलं होतं. तीन जीपमध्ये गेली," ती म्हणाली. "गेलेलं लेकरू आईच्या हातातून काढून काट्यावर ठेवायचं का, मॅडम? मला नाय जमलं."

शेजारच्या केंद्रावर काय करतात, असं मी विचारलं. तिथली नर्स न तोललेल्या सगळ्या बाळांपुढे अडीच किलो लिहिते, असं तिनं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, रीत म्हणून सांगितलं. हिलाही तसं सुचवलं होतं, पण जे केलंच नाही ते कसं लिहायचं म्हणून हिनं रकाना मोकळा सोडला. मी फाईलमध्ये पाहिलं. शेजारच्या केंद्रात सहा मृत्यू, सहाही अडीच किलोचे. चांगल्या वजनाची बाळं दगावतात म्हणजे परिस्थिती फारच वाईट, असा निष्कर्ष माझ्या पॅकेजनं काढला होता आणि त्या केंद्राला यादीत दुसरा नंबर दिला होता. खोटं लिहिणारीला गाडी मिळाली आणि खरं लिहिणारी माझ्यासमोर बसली होती. माझे विद्यार्थी मोजमाप नसताना आकडा भरतात तेव्हा मी त्यांची वही फेकते. माहीत नसेल तर मोकळं सोडा, हे मी वर्गात इतक्या वेळा म्हटलंय की पोरं माझी नक्कल करताना तेच म्हणतात.

आणि याहून वाईट गोष्ट मलाच माहीत होती. पॅकेजच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अशा ओळी वगळल्या की पडद्यावर लाल अक्षरांत सूचना यायची, इतक्या ओळी वगळल्या म्हणून. विद्यार्थी लाल अक्षरं पाहून घाबरायचे. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले परीक्षक चूक समजून मार्क कापायचे. पोरं रडकुंडीला येऊन माझ्याकडे यायची. एका सुट्टीत मी ती सूचना बंद करून टाकली. एका शब्दाचं काम होतं. त्या दिवशी मला आपण फार प्रेमळ शिक्षिका आहोत असं वाटलं होतं.

हे मी छायाला सांगितलं. पुरतं समजलं की नाही कोण जाणे, पण ती एवढंच म्हणाली की मग आता नीट करा ना, मॅडम. चुकलं असेल तर नीट होतं, असा तिचा साधा विश्वास होता. मीही तिला होईल म्हणून सांगितलं. दुपारच्या एसटीत मी तिला बसवून दिलं, फोननंबर घेतला, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत पॅकेजचं नवं व्हर्जन तयार करून जगासाठी खुलं केलं. रिकाम्या रकान्याची ओळ आता वगळली जात नव्हती, वेगळी दाखवून मृत्यूंत मोजली जात होती, आणि सूचना परत लाल अक्षरांत येत होती. छायाचं केंद्र चौदापैकी पहिलं आलं.

दुसऱ्या दिवशी मी सुयशच्या ऑफिसात गेले. त्यानं आकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. मुलगा वाईट नाही. साहेबांकडे दोनदा आत जाऊन आला, तिसऱ्यांदा माझं पत्र घेऊन गेला. मी बाहेर बाकावर बसून राहिले. एरवी मी कुणासाठी दहा मिनिटं थांबत नाही. शेवटी तो बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. गाड्या दिल्या गेल्या होत्या, समारंभ झाला होता, वर्षाचा डेटा बंद झाला होता. पुढच्या वर्षी एक सहावी गाडी येणार होती, तिचा विचार तेव्हा होईल. मी म्हटलं, ठीक आहे, निदान तो तरी नव्या व्हर्जनवर करा.

"तीन वर्षांचा प्रकल्प आहे, मॅडम. जुनंच व्हर्जन ठेवावं लागेल," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत, मध्येच बदललं तर वर्षांची तुलना होत नाही."

शिकवलं होतं. आणि ते बरोबरच आहे, आजही मी तेच शिकवीन. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण मी पर्स उचलून जिना उतरले. संस्थेला मी आणखी तीन पत्रं लिहिली. शेवटच्याला उत्तर आलं, माझ्या योगदानाबद्दल आभार मानणारं. छायाला फोन करून सगळं सांगितलं. मग कॉलेज कसं चाललंय, असं विचारून तिनं फोन ठेवला. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डिसेंबरात, दोन तासांमधल्या सुट्टीत, तिचा फोन आला. रोहिणी नावाची एक बाई, दुसरं बाळंतपण. जीपवाला बाजाराला गेलेला, तो येईपर्यंत दीड तास गेला. घाट चढायच्या आत मुलगी जन्मली आणि घाट चढून होईपर्यंत गेली. आई वाचली होती, रुग्णालयात होती. छाया तिच्यापाशीच बसून बोलत होती, आवाज अगदी सपाट.

संध्याकाळपर्यंत नोंद भरायची आहे, असं ती म्हणाली. रजिस्टर सोबत आणलंय, समोरच आहे. बाकी सगळं लिहिलंय, एक रकाना राहिलाय.

"मॅडम, मोकळा सोडला तर ही पण जाईल ना?"

जाईल, असं मी म्हटलं.

"मग किती लिहू?"

व्हरांड्यात पोरं हसत होती. मी दार लावून घेतलं. माझ्या पॅकेजला काय दिलं की ते काय करतं, हे या जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. कमी वजन लिहिलं असतं तर ते म्हणालं असतं, अशक्तच होती, जायचीच होती, आणि तिच्या मृत्यूचा भार हलका धरला असता. वजन चांगलं हवं होतं. आणि अडीच नको, अडीच सगळेच लिहितात, पुढेमागे कुणी तपासलं तर नजरेत भरेल.

"दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम," मी म्हणाले.

तिनं आकडा पुन्हा म्हणून घेतला, सहाशे चाळीस, आणि लिहिला. मी फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही.

"लिहिलं," मग ती म्हणाली. "पण मॅडम, मी घेतली होती तिला हातात. लय हलकी होती."